विश्लेषण : पोलादी पत्रा तापवला की नरमतो, मग मध्येच तडकतो का?

देहूतून इंद्रायणी ओलांडून येलवाडीमार्गे चाकणकडे निघाले की काही वेळातच रस्त्याच्या दुतर्फा कारखान्यांच्या शेड सुरू होतात. आतून प्रेसचा ठोका ऐकू येतो. या पट्ट्यात तयार होणाऱ्या मोटारींच्या सांगाड्यात साध्या पत्र्याची जागा आता अतिशय मजबूत पोलादाने घेतली आहे. हा पत्रा सहजासहजी वाकत नाही, वाकवला तर परत उसळतो आणि जास्त रेटला तर तडकतो. अशा वेळी ‘जरा तापवून घ्या’ हा सल्ला कोणीही देईल. पण लोखंड तापवले की नरम होते, हे अर्धेच सत्य आहे. कोणत्या तापमानाला पत्रा ऐकतो, कोणत्या तापमानाला दगा देतो आणि त्या दग्याची किंमत कोण मोजतो, याचे हे विश्लेषण.

मजबूत पत्र्याची गरज का भासली?

मोटारीला एकाच वेळी हलके आणि भक्कम व्हायचे आहे. वजन कमी झाले तर इंधन किंवा बॅटरी वाचते आणि सांगाडा भक्कम असेल तर अपघातात माणूस वाचतो. भारतात समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचण्या ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना लागू झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘भारत एनकॅप’ ही तारांकन पद्धत आली. तीत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवली जाते. सक्तीच्या चाचणीत हा वेग ५६ किलोमीटर आहे. चाकणमध्ये तयार होणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाक या मोटारींना २०२२ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’चे पाच तारे मिळाले, तेव्हा त्याची जाहिरातही झाली. ग्राहक आता शोरूममध्ये ॲव्हरेजइतकेच ताऱ्यांबद्दलही विचारतो.

हे तारे मिळवण्यात मोठा वाटा असतो तो सांगाड्यातल्या मोक्याच्या जागी असलेल्या पोलादाचा. पुढच्या आणि मागच्या दरवाजांमधला खांब, म्हणजे बी-पिलर, हे त्याचे उत्तम उदाहरण. साध्या पत्र्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची पट्टी साधारण ३० किलो वजन पेलते. बी-पिलरसाठी वापरले जाणारे अतिशय मजबूत पोलाद तेवढ्याच जाडीत दीडशे किलो पेलते. अभियंत्यांच्या भाषेत ही ताकद ३०० आणि १,५०० मेगापास्कल अशी सांगितली जाते.

‘घडणक्षमता’ म्हणजे काय आणि ती मोजतात कशी?

पत्रा न तडकता किती आकार घेऊ शकतो, ती त्याची घडणक्षमता. कारखान्यात यालाच फॉर्मेबिलिटी म्हणतात. ती तपासण्याची सर्वांत जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे एरिक्सन चाचणी. पत्रा कडेने घट्ट धरतात आणि २० मिलिमीटर व्यासाचा गोल डोक्याचा पंच त्यात हळूहळू दाबतात. वाटीसारखा खोलगट आकार येत जातो. पहिली भेग पडते त्या क्षणी वाटी किती मिलिमीटर खोल झाली, तो आकडा म्हणजे निकाल.

पण मोटारीचा भाग वाटीइतका सरळ नसतो. तो एका जागी ताणला जातो, दुसऱ्या जागी दुमडतो, तिसऱ्या जागी आक्रसतो. म्हणून १९६०च्या दशकात अमेरिकेत किलर आणि गुडविन यांनी वेगळी पद्धत रुजवली. पत्र्यावर आधी छोटी वर्तुळे उमटवायची, मग भाग दाबायचा. जिथे ताण पडला तिथे वर्तुळाची लंबवर्तुळे होतात. त्यांची लांबी-रुंदी मोजून कोणत्या दिशेने किती ताण दिला तर पत्रा फाटेल, याचा आलेख काढता येतो. त्या रेषेच्या खाली राहिलात तर भाग सुखरूप, वर गेलात तर भेग. हा आलेख आज जगभर वापरला जातो. अडचण इतकीच की तो बहुतेक वेळा खोलीच्या तापमानाला काढलेला असतो. तापमान बदलले की रेषा सरकते. कधी वर जाते, कधी खाली येते.

मजबूत पत्रा अडून का बसतो?

तीन कारणे आहेत. पहिले, त्याला वाकवायला जास्त जोर लागतो. २५० टनांच्या प्रेसवर होणारे काम ५०० टनांवर न्यावे लागते आणि डायही लवकर झिजतो. दुसरे, त्याचा ताण सोसण्याचा वाव कमी असतो. साधा पत्रा तुटण्याआधी मूळ लांबीच्या ४० टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. १,५०० मेगापास्कलचे कडक पोलाद सहा टक्क्यांच्या आसपासच हात टेकते. तिसरे कारण म्हणजे स्प्रिंगबॅक. प्रेस वर गेला की पत्रा थोडा मागे उसळतो. किती उसळणार हे ताकद आणि लवचीकता यांच्या गुणोत्तरावर ठरते. पोलाद साधे असो वा मजबूत, त्याची लवचीकता जवळपास सारखीच असते. त्यामुळे ताकद चौपट झाली की उसळीही ढोबळमानाने चौपट होते. ९० अंशांत वाकवलेला कोन डायमधून बाहेर आल्यावर ९० राहत नाही, आणि तो किती सुटेल हे कॉइलगणिक बदलते. डाय बनवणाऱ्या कारागिराची खरी डोकेदुखी हीच आहे.

या तिन्ही तक्रारींवर उष्णता हा उपाय वाटतो. पोलाद तापले की जोर कमी लागतो, ताणाला वाव मिळतो, उसळी घटते. लोणावळ्याची चिक्की ज्यांनी बनताना पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. पाक गरम असताना लाटणे फिरते, वड्या पडतात. गार झाला की तुकडाच मोडतो. पण पोलाद म्हणजे गूळ नव्हे. गुळाचा पाक जितका गरम तितका मऊ. पोलादाच्या बाबतीत वाटेत एक खड्डा आहे.

‘थंड’ काम खरेच थंड असते का?

नसते. पत्रा वाकवण्यासाठी प्रेस जी ऊर्जा खर्च करतो, तिचा साधारण ९० टक्के भाग उष्णतेच्या रूपाने पत्र्यातच राहतो. साधे गणित मांडले तर ३०० मेगापास्कलचा पत्रा २० टक्के ताणला की त्याचे तापमान सुमारे १५ अंशांनी वाढते. १,००० मेगापास्कलच्या पत्र्याला तेवढाच ताण दिला तर वाढ ४५ ते ५० अंशांची होते. टोकदार वळणावर ताण एकवटतो, तिथे ती आणखी जास्त असते. यात घर्षणाची उष्णता धरलेली नाही.

ही उष्णता डायमध्ये साचत जाते. जानेवारीत पहाटे पुणे परिसरात पारा दहा अंशांच्या आसपास असतो, एप्रिलमध्ये भर दुपारी तो चाळिशीला टेकतो. एवढ्या फरकाने पत्र्याची ताकद फारशी बदलत नाही. पण पहिल्या पाळीचा पहिला नग थंड डायवर निघतो आणि पाचशेवा नग तापलेल्या डायवर. दरम्यान वंगणाचे तेल पातळ झालेले असते, पत्रा डायला घासू लागतो आणि ओरखडे पडू लागतात. काही नव्या पोलादांमध्ये ऑस्टेनाइट नावाची एक रचना मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते. ताण पडला की ती कडक रचनेत बदलते आणि पत्र्याला फाटण्यापासून सावरते. हा बदल तापमानाबाबत फार हळवा आहे. पत्रा थोडासा गरम झाला की तो मंदावतो, त्यामुळे कधी फायदा होतो, कधी तोटा. सकाळी बिनतक्रार निघणारा भाग दुपारी तडकू लागला की पत्र्याच्या मालाला किंवा ऑपरेटरला दोष दिला जातो. डायचे तापमान मात्र कोणी मोजलेले नसते.

२०० ते ३०० अंशांत काय बिघडते?

हाच तो खड्डा. पोलादात लोखंडाच्या अणूंमध्ये कार्बन आणि नायट्रोजनचे छोटे अणू विखुरलेले असतात. पत्रा वाकतो म्हणजे आतल्या अणूंच्या रांगांमधले दोष, ज्यांना डिसलोकेशन म्हणतात, ते पुढे सरकतात. खोलीच्या तापमानाला कार्बन-नायट्रोजनचे अणू जवळपास जागच्या जागी असतात. साधारण २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान त्यांना एवढीच गती मिळते की सरकणाऱ्या दोषांना ते गाठतात आणि अडवून धरतात. परिणामी पोलाद तापूनही नरम होत नाही, उलट कडक होते आणि त्याची लांबण्याची क्षमता घटते. नेमके याच तापमानाला पोलादाच्या घासलेल्या पृष्ठभागावर निळसर झाक येते, म्हणून या दोषाला ‘निळा ठिसूळपणा’ असे नाव पडले.

वेगवेगळ्या पोलादांत हा पट्टा थोडा वर-खाली सरकतो आणि काम किती वेगाने होते यावरही अवलंबून असतो. काहींत तो ठळक असतो, काहींत पुसट. पण नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे : अर्धवट तापवलेला पत्रा हा थंड पत्र्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. गॅसच्या टॉर्चने पत्रा शेकला तर मधला भाग ४०० अंशांवर जाईल आणि कडेचा २५० वर राहील. मधला नरम, कडेचा ठिसूळ. अशा पत्र्यावर प्रेसचा ठोका बसला की भेग कुठे पडेल हे सांगायला ज्योतिषी नको.

मग थेट ५००-६०० अंशांवर नेले तर?

खड्डा ओलांडला की ताकद झपाट्याने उतरते, पत्रा ताणाला तयार होतो आणि उसळी बरीच कमी होते. जगभरात ‘वॉर्म फॉर्मिंग’ या नावाने हा पट्टा अभ्यासला जातो. त्यासाठी खास बनवलेली पोलादे आहेत. त्यांना बळ देणारे कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण या उष्णतेत टिकून राहतात, त्यामुळे गार झाल्यावर ताकद बव्हंशी परत मिळते.

पण या पट्ट्यातल्या कारखान्यांत जास्त येणारे ‘ड्युअल फेज’ पोलाद तसे नाही. त्यात मऊ फेराइटमध्ये कडक मार्टेन्साइटची बेटे असतात. कडक बेटांमुळे ताकद, मऊ भागामुळे वाकण्याची क्षमता. ५०० अंशांवर ही बेटेच मऊ पडतात. भाग सुबक निघतो, माप बरोबर येते, भेगही नसते. फक्त ज्या ताकदीसाठी हा महागडा पत्रा विकत घेतला होता, तिचा मोठा हिस्सा कायमचा गेलेला असतो. गार झाल्यावर ती परत येत नाही. तापवताना सोपे गेले म्हणून केलेले काम अपघाताच्या वेळी अंगाशी येते.

९०० अंशांचे तंत्र काय आहे?

अर्धवट वाटेवर थांबायचे नसेल तर शेवटपर्यंत जावे, हा विचार स्वीडनमधून आला. प्लान्या या स्वीडिश कंपनीने १९७७ मध्ये या तंत्राचे पेटंट घेतले. सुरुवातीला त्यातून करवतीची आणि गवत कापण्याच्या यंत्रांची पाती बनत. १९८४ मध्ये साब कंपनीने ‘साब ९०००’ या मोटारीत असा भाग पहिल्यांदा वापरला. १९८७ मध्ये जगात वर्षाला सुमारे ३० लाख भाग या पद्धतीने बनत होते, २००७ मध्ये हा आकडा १० कोटी ७० लाखांवर गेला. याला हॉट स्टॅम्पिंग म्हणतात. स्पेनच्या गेस्टॅम्प कंपनीच्या रूपाने हे तंत्र चाकणमध्येही पोहोचले आहे.

त्यासाठीचे पोलाद मुळात मवाळ असते. सुमारे ०.२२ टक्के कार्बन, सव्वा टक्का मँगनीज आणि हजारात काही लाखांश नव्हे, तर लाखात दोन ते पाच भाग एवढेच बोरॉन. चिमूटभर बोरॉनमुळे पोलाद झटकन कडक होण्याची तयारी ठेवते. पत्र्याचे तुकडे लांबलचक भट्टीतून ९०० ते ९५० अंशांवर काही मिनिटे नेले जातात. लालबुंद तुकडा रोबो काही सेकंदांत प्रेसवर ठेवतो. ६५० ते ८५० अंशांच्या दरम्यान भाग दाबला जातो. या वेळी पोलाद इतके नरम असते की अवघड वळणेही सहज येतात. खरी जादू त्यानंतर होते. डायच्या पोटातून थंड पाणी फिरत असते. प्रेस काही सेकंद बंद अवस्थेतच धरून ठेवतात आणि भाग डायमध्येच विझतो. दर सेकंदाला साधारण २७ अंशांपेक्षा वेगाने तापमान उतरले तर संपूर्ण रचना मार्टेन्साइटची होते. आत गेलेला पत्रा ६०० मेगापास्कलचा असतो, बाहेर आलेला भाग १,५०० मेगापास्कलचा. उसळी जवळपास शून्य.

गावातला लोहार विळ्याला किंवा कुऱ्हाडीला ‘पाणी देतो’ तेव्हा तत्त्व हेच असते. लोखंड लाल करायचे, घडवायचे, नेमक्या रंगावर पाण्यात बुडवायचे. लोहाराला तापमान रंगावरून कळते, प्रेसलाइनवर ते इन्फ्रारेड उपकरणाने मोजतात. पण तापमान चुकले तर धार गेली, हे लोहारही जाणतो.

यात धोका कुठे आहे?

प्रत्येक टप्प्यावर. भट्टीत कमी वेळ ठेवले तर रचना पूर्ण बदलत नाही, जास्त ठेवले तर कण मोठे होतात. भट्टीतून प्रेसपर्यंत रोबो अडखळला तर पत्रा वाटेतच गार होतो आणि मऊ राहतो. डायमधल्या पाण्याच्या वाटांत क्षार साचले तर त्या जागी भाग हळू थंड होतो आणि तेवढ्याच पट्ट्यात ताकद निम्म्यावर येऊ शकते. जस्ताचा लेप असलेला पत्रा वापरला तर आणखी पंचाईत. जस्त ४२० अंशांना वितळते आणि ताण पडताच पोलादाच्या कणांच्या सांध्यांत शिरून भेगा पाडते. म्हणून बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा लेप वापरतात.

त्या लेपालाही पावसाळ्याची भीती आहे. भट्टीतल्या हवेत बाष्प जास्त असेल तर ॲल्युमिनियम त्याच्याशी अभिक्रिया करते आणि सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरतो. असा भाग तपासणीत उत्तीर्ण होतो आणि नंतर, कधी काही दिवसांनी, आपोआप तडकू शकतो. म्हणून भट्टीत कोरडी हवा सोडतात आणि दवबिंदूवर सतत नजर ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये इंद्रायणीकाठची हवा कशी असते हे देहूकरांना ठाऊक आहे. युरोपातल्या कोरड्या हिवाळ्यात बसवलेली सेटिंग इथे जशीच्या तशी चालत नाहीत.

नियंत्रण जमले तर हेच तापमान हत्यार होते. बी-पिलरचा वरचा भाग माणसाच्या छातीजवळ असतो, तो आत यायला नको म्हणून कडक हवा. खालचा भाग थोडा चेपून धडकेची ऊर्जा गिळेल तर बरे. म्हणून काही उत्पादक डायचा खालचा भाग मुद्दाम ४०० अंशांच्या वर तापता ठेवतात. एकाच पत्र्यात वर कडक आणि खाली मऊ पोलाद, जोड न लावता मिळते.

वाहनधारकाचा याच्याशी काय संबंध?

सर्वांत थेट संबंध अपघातानंतरच्या दुरुस्तीचा आहे. चेपलेला भाग गॅसने तापवून ठोकून सरळ करणे ही गॅरेजमधली जुनी पद्धत. साध्या पत्र्याच्या काळात तीत फार बिघडत नसे. हॉट स्टॅम्पिंगच्या खांबावर हाच प्रयोग केला तर मार्टेन्साइट मऊ पडते आणि १,५०० मेगापास्कलचा खांब त्या जागी निम्म्या ताकदीचा होऊ शकतो. वरून रंग चढला की तो नव्यासारखा दिसतो. त्यामुळे असे भाग तापवून सरळ करू नयेत, बदलावेत, अशी सूचना वाहन उत्पादकांच्या दुरुस्ती पुस्तिकांत असते. गॅरेजमधून गाडी घेताना खांब बदलला की ठोकून सरळ केला, हे विचारायला हवे. मोटारीचे पाच तारे त्या खांबाच्या भरवशावर मिळालेले असतात.

तापमानाच्या चुकीचा खरा त्रास इथेच आहे. भेग दिसते, माप चुकले तर गेज सांगतो. पण चुकीच्या तापमानातून गेलेला भाग डोळ्यांना, बोटांना किंवा गेजला वेगळा वाटत नाही. कठीणतेची चाचणी केली किंवा भाग कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरच तो पकडला जातो. नाही तर रस्त्यावर.

लघुउद्योगांनी हे का मनावर घ्यावे?

एक युक्तिवाद नेहमी केला जातो. हॉट स्टॅम्पिंगला भट्टी, रोबो, पाण्याने थंड होणारे डाय आणि कडक भाग कापण्यासाठी लेझर लागतो. ही गुंतवणूक तळवडे, चिखली किंवा येलवाडीतल्या पाच-दहा प्रेसच्या शेडला कधीच परवडणार नाही. मग तापमानाचे हे शास्त्र त्यांच्या काय कामाचे?

युक्तिवादाचा पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. मोटारीत सगळेच भाग १,५०० मेगापास्कलचे नसतात. सीटच्या पट्ट्या, ब्रॅकेट, आधारपट्ट्या, बॅटरीच्या पेटीचे आधार असे शेकडो भाग ५९० ते ९८० मेगापास्कलच्या पत्र्यातून थंड पद्धतीने दाबले जातात आणि हे काम छोट्या शेडमध्येच येऊ शकते. ड्रॉइंगवर पोलादाची ग्रेड बदलते, मापे तीच राहतात, नगामागचा दर फारसा हलत नाही. जुना प्रेस, जुने तेल आणि जुनी सवय घेऊन नव्या पत्र्याला सामोरे जायचे. रिजेक्शन वाढले की भुर्दंड शेडमालकाचा. मग टॉर्चचा मोह होतो. हा मोह म्हणजे अज्ञान नव्हे. वेळेत माल पोहोचवण्याच्या दडपणाखाली हाताला लागलेली ती पळवाट असते.

यात माणसाचाही जीव गुंतलेला आहे. वाहनउद्योगाच्या पुरवठा साखळीत हाताची बोटे गमावणाऱ्या कामगारांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाने अहवाल प्रसिद्ध करते. त्यांत पॉवर प्रेस हे दुखापतींचे प्रमुख कारण म्हणून समोर आले आहे. मजबूत पत्रा तुटताना साध्या पत्र्यापेक्षा जास्त साठलेली ऊर्जा एका झटक्यात सोडतो. अंदाजाने तापवलेला पत्रा हाताने डायवर ठेवणे, अडकलेला भाग घाईने ओढणे यातून धोका आणखी वाढतो.

मग करायचे काय?

पहिली जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीची आहे. ड्रॉइंगवर जसे माप आणि त्यातली सूट लिहिलेली असते, तसे तापमानही लिहिलेले असले पाहिजे. या ग्रेडचा पत्रा तापवायचा की नाही, डाय किती अंशांपर्यंत चालेल, त्यापुढे काम थांबवायचे का, हे पुरवठादाराने अंदाजाने ठरवण्याची गोष्ट नाही. आणि नोंद ठेवायला सांगणार असाल तर तिचा खर्च दरात धरायला हवा. सध्या मजबूत पोलादाचा फायदा जाहिरातीत दिसतो आणि त्याचा त्रास साखळीच्या शेवटच्या कडीवर ढकलला जातो. हा व्यवहार न्यायाचा नाही आणि सुरक्षिततेचाही नाही.

दुसरी जबाबदारी सामायिक सुविधांची. लघुउद्योगांना चाचणी आणि कॅलिब्रेशनसारख्या सोयी एकत्रित मिळाव्यात म्हणून चिंचवडमध्ये ऑटो क्लस्टर उभे राहिले. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, तिचे केंद्र चाकणलाही आहे. परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालयांची कमी नाही. वेगवेगळ्या तापमानांना पत्रा ताणून पाहण्याची आणि तापवलेल्या पंचाने वाटी दाबून पाहण्याची चाचणी छोट्या उद्योजकाला परवडेल अशा दरात, आठवड्याभरात मिळाली पाहिजे. नवी कॉइल आली की तुकडा पाठवायचा आणि ती कुठे नरमते, कुठे अडते याचा कागद हातात घ्यायचा. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी याहून उपयोगी विषय मिळणार नाही.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या मुलाला क्लिअरन्स आणि टनेज काढता येते. निळा ठिसूळपणा, मऊ पडणारे मार्टेन्साइट आणि डायचे तापमान हेही त्याला तितकेच सरावाचे व्हायला हवे.

आणि चौथी गोष्ट शेडमालक उद्यापासून करू शकतो. तापमान दाखवणारे हातातले उपकरण काही हजार रुपयांत मिळते. पाळी सुरू होताना, मध्ये आणि शेवटी डायचे तापमान वहीत लिहायचे. चकाकत्या धातूवर असे उपकरण चुकते, म्हणून एका ठरलेल्या जागी काळा रंग लावून तिथेच मोजायचे. महिनाभराची वही रिजेक्शनच्या वहीशेजारी ठेवली की पुष्कळ भेगांचे कारण आपोआप समोर येईल. तोवर टॉर्च प्रेसपासून दूर ठेवलेला बरा.

पोलाद तापवण्यात गैर काही नाही. लोहार ते पिढ्यान् पिढ्या करत आला आहे आणि चाकणच्या आधुनिक प्रेसलाइनवरही तेच होते. दोघांमध्ये साम्य असे की किती तापवले हे दोघांनाही नेमके ठाऊक असते. देहू ते चाकण या पट्ट्याला मजबूत पोलादाचे काम हातचे जाऊ द्यायचे नसेल, तर हे ‘नेमके ठाऊक असणे’ मोठ्या कारखान्याच्या भिंतीबाहेर, शेवटच्या शेडपर्यंत पोहोचले पाहिजे. कारण बी-पिलर असो की सीटखालची साधी पट्टी, अपघाताच्या क्षणी तो भाग कोणी किती दरात बनवला हे कोणी विचारणार नाही. तो टिकला की नाही, एवढेच उरेल.